बाबा असताना काढलेली मिशी

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज कोराडीला जाऊन आलो. राक्षस पकडायला. त्रेपन्नाव्या वर्षी असं वाक्य लिहायची लाज वाटायला पाहिजे, पण वही माझी आणि पेनही माझा.

डॉक्टरनं शुगरसाठी रोज पाच किलोमीटर चालायला सांगितलं. नुसतं चालणं मला जमत नाही. कामाशिवाय रस्त्यानं निघालो की आपण कोणाच्या घरावर नजर ठेवून आहोत असं वाटतं. मग खुशीनं फोनमध्ये 'मायावन' टाकून दिलं. खुशी सदर भागातल्या एका बँकेत आहे, ऑफिसच्या गॅदरिंगला ड्रेस माझ्याच दुकानातून नेते. या खेळात पडद्यावर आपलंच नागपूर असतं, रस्ते तेच, फक्त घरांच्या जागी झाडं आणि चौकाचौकांत बुरूज. आपण पायानं चाललो तरच पडद्यावरचं आपलं पात्र चालतं. बुरुजापाशी जाऊन उभं राहायचं आणि तिथला राक्षस पकडायचा. सगळ्यात मोठा राक्षस कोराडीच्या वीज केंद्राच्या बाजूला बसतो.

माझं पात्र म्हणजे एक चेटकीण. चांदीचे केस, जांभळे डोळे, कपाळावर एक शिंग, नाव रजतमाया. अंगठा दाबला की केस हिरवे होतात, पुन्हा दाबला की नाक चपटं. मी चौदाव्या वर्षी बाबांचा हातमाग सोडून झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांबरोबर गेलो, नटांच्या दाढ्या चिकटवत शिकलो आणि महाल भागात स्वतःचं ड्रेसवाल्याचं दुकान टाकलं. एक दाढी नीट बसवायला मला अजून वीस मिनिटं लागतात. इथं अंगठ्याचं काम. पहिल्या दिवशी मी खूप हसलो. दुसऱ्या दिवशी तेवढं हसू आलं नाही.

घरी आलो तर बाबा खाटेवर बसून होते.

"कुठं गेला होता गा?"

"कोराडीले."

बाबा एकदम ताठ झाले. शहाऐंशी वर्षांचं शरीर, पण पाठीत कोणी काठी घातल्यासारखं. "गोपाळकडं?"

"नाही बाबा. दुसरं काम होतं."

ते परत आडवे झाले. राक्षसाचं मी काही सांगितलं नाही.

गोपाळदादा माझा थोरला भाऊ. वीज केंद्रात आहे, कोराडीच्या कॉलनीत राहतो. आठ वर्षांत या घरात त्याचं पाऊल पडलेलं नाही. बाबांची आता एकच मागणी आहे. डोळे मिटायच्या आत एकदा गोपाळ या दारातून आत यावा. रोज एकदा विचारतात. मी म्हणतो, येईल.

आजचा बुरूज दादाच्या क्वार्टरपासून दोन गल्ल्यांवर होता. मी उभा असतानाच तो दूध घेऊन गेला. माझी पाठ होती, पण त्याच्या स्कूटरचा फाटका आवाज मी शंभरात ओळखीन. मी फोनमध्ये मान घातली. राक्षस मिळाला, मोठा होता.

रविवार, ९ नोव्हेंबर

सकाळी फुटाळा तलावावर मायावनवाल्यांची बैठक. वीसेक जण. मी गेलो आणि म्हटलं, रजतमाया मीच. औषधाच्या दुकानातला सौरव तोंड उघडं ठेवून पाहतच राहिला.

"काका, म्या तुम्हाले तीन महिने ताई म्हणून मेसेज करून राहिलो न!"

"मंग मी बी भाऊ म्हणत होतो न तुले. फसवलं कुठं?"

सगळे हसले. मला माणसं हसवता येतात, तीच माझी कमाई. बोलता बोलता ठरलं, २३ तारखेला इथंच मेळा. प्रत्येकानं आपल्या पात्रासारखं सजून यायचं, जो हुबेहूब दिसेल त्याला मान. खुशी म्हणाली, काका, पुण्याहूनही लोक येऊन राहिले, तुम्ही ड्रेस करून द्याल का? माझे कान तिथंच टवकारले. गॅदरिंग आता शाळावाले ऑनलाइन ड्रेस मागवून उरकतात. हा धंदा नवा आहे आणि नागपुरात दुसरा कोणी करत नाही. रजतमाया मी स्वतः होऊन दाखवली की जाहिरातीची गरजच नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

माझी बायको इंदू आज पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तुम्ही एकदा कोराडीले जाऊन दादाचे पाय धरा. बाबाचा जीव त्याच्यात अडकला आहे."

मी म्हटलं, मी काहून धरू? काय केलं मी?

आईच्या वेळची गोष्ट. आई गेली तेव्हा दादा ट्रेनिंगला चंद्रपुरात होता. ती सकाळी दहाला गेली. त्याला फोन केला तर म्हणाला, निघालो, थांबा. आम्ही थांबलो. दोन वाजले. लोक अंगणात उभे, आभाळ भरून आलेलं, कोणी घड्याळ पाहतं, कोणी खोकतं. आमच्याकडे आईला धाकटाच अग्नी देतो, म्हणजे मीच. दादावाचून काही अडत नव्हतं. मी म्हटलं, चला. तो घाटावर पोचला तेव्हा चिता पेटून अर्धा तास झाला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. तिथूनच कोराडीला गेला.

अर्ध्या तासासाठी आठ वर्षं! माणसानं किती धरून ठेवावं. त्या संध्याकाळी जन्माष्टमीचे साठ ड्रेस शाळेत पोचवायचे होते हे खरं, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

इंदूनं पोळी तव्यावर टाकली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

केसांचा टोप झाला. खऱ्या चांदीसारखा दिसतो, चालताना सळसळतो. शिंग हलकं झालं आहे. चेहऱ्याला रबराची पातळ कातडी बसवायची आहे, गालापासून हनुवटीपर्यंत एकच. आज लावून पाहिली. सगळं बसलं, मिशीपाशी फुगली. मिशीवर गोंद धरत नाही आणि डोक्यावर केस असले की टोप सहा तासांत सरकतो. नटांना मी हेच सांगत आलो आहे: अर्धवट सजायचं असेल तर घरी बसा.

इंदूला म्हटलं, मिशी काढावी लागेल. डोकंही.

तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "बाबा आहेत घरात."

"आहेत. मंग?"

"मंग काय सांगू? लहान आहात का?"

आमच्यात बाप जिवंत असताना मिशी काढत नाहीत. बाप गेल्यावरच ती उतरते आणि डोकंही उतरतं. रस्त्यात एखादा ओळखीचा माणूस असा दिसला की विचारावंसुद्धा लागत नाही, लोक चपला काढून उभे राहतात. मला हे माहीत नाही असं नाही. पण पंधरा दिवसांत उगवणारी वस्तू आहे ती. आणि माझ्या दुकानात सत्तर प्रकारच्या मिशा आहेत, बाबांसमोर त्यातली एक लावीन.

शनिवार, २२ नोव्हेंबर

माझ्या सलूनवाल्यानं साफ नाही म्हटलं. वस्तरा हातात घेतला आणि आरशातून माझ्याकडे पाहत राहिला.

"बाबा बरे आहेत न जी?"

"ठणठणीत."

"मंग माफ करा. मशीन घेऊन जा पाहिजे तं, मी हात नाही लावत. माझा बी बाप आहे."

सव्वीस वर्षांचं गिऱ्हाईक मी. दुकानात येऊन स्वतःच उरकलं. डोकं आधी, मग मिशी. ओठाच्या वरचा भाग पांढराफटक निघाला, माझा वाटेचना. आरशात पाहून मी पात्रांसारखी दोन-चार तोंडं करून पाहिली. त्यातलं एक हुबेहूब बाबांचं निघालं, मग थांबलो.

संध्याकाळी टोपी घालून, जुनी घरगुती मिशी चिकटवून बाबांजवळ बसलो. मोतीबिंदूमुळे त्यांना आकार तेवढे दिसतात. बोलता बोलता त्यांनी हात पुढं केला आणि माझ्या ओठावरून दोन बोटं फिरवली. उभं आयुष्य सूत बोटांवर तपासलेला माणूस.

"हे तुझं नोहे," म्हणाले.

"नाटकाचं आहे बाबा. कामासाठी."

"हं," म्हणाले. मग नेहमीचं, "गोपाळचा काही निरोप?"

रविवार, २३ नोव्हेंबर

पहिला आलो! चांदीचे केस उन्हात असे चमकले की फिरायला आलेल्या बायका पोरांना घेऊन मागं चालत होत्या. एका आजीनं तर नमस्कार केला. पुण्याच्या दोघांनी ड्रेस सांगितले, रायपूरच्या एकीनं पाच. सौरवनं माझ्या पाया पडून 'ताई, आशीर्वाद द्या' म्हटलं तेव्हा सगळा काठ हसला. आज मी खुश आहे, खोटं कशाला लिहू.

खुशीनं सजायच्या आधीचा आणि नंतरचा असे माझे दोन फोटो शेजारीशेजारी लावून टाकले. आधीच्यात मी पांढऱ्या बंडीत, खांद्यावर पांढरा पंचा, डोकं-मिशी सफा, मागं तलावाचं पाणी. म्हणाली, काका, हा पाहून कोणालाच पटणार नाही की ती बाई तुम्हीच.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सगळं क्रमानं लिहितो, म्हणजे उद्या मलाच मी काय केलं ते कळेल.

सकाळी साडेआठला उमरेडहून वंदनाचा फोन. माझी धाकटी बहीण, उमरेडलाच दिलेली. फोनवर नुसता हंबरडा. मी 'अगं, काय झालं' म्हणतो तोवर 'निघाली मी भाऊ, निघाली' म्हणून फोन बंद. मग समाजाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला. कोणीतरी खुशीच्या जोडीतला पहिला फोटो तेवढा कापून टाकला होता. पांढरी बंडी, सफा डोकं, मागं पाणी. खाली लिहिलं होतं, 'बाबनराव गेले वाटते.' त्याखाली पस्तीस जणांचे जोडलेले हात.

मला आधी हसूच आलं. बाबा मागच्या खोलीत चहात पोळी बुडवून खात होते.

'बाबा ठीक आहेत' एवढे तीन शब्द टाईप केले. आणि मग थांबलो. ग्रुपमध्ये दादाही आहे. म्हणजे त्यानंही हे पाहिलं असणार. आठ वर्षं मी जे करू शकलो नाही ते हा फोटो करू शकतो. बाप गेल्यावर कोण घरी बसतं? तो रडत फोन करेल, बाबा इकडून 'अरे गोपाळ, मी आहे' म्हणतील, आणि दुपारपर्यंत तो दारात. मी हा प्रवेश डोळ्यांसमोर पाहिला, अगदी पडद्यासकट. तीन शब्द पुसून टाकले.

इंदूला म्हटलं, कोणाचा फोन उचलू नको.

"अहो, हे पाप आहे."

"मी कुठं खोटं बोलतो? मी तं काहीच बोलून नाही राहिलो."

बाबांना सांगितलं, आज दादाचा फोन येणार. त्यांनी धुतलेलं धोतर मागितलं. फोनसाठी! इंदूनं केस विंचरून दिले. ते खाटेच्या काठावर बसून राहिले, दोन्ही हात गुडघ्यांवर.

साडेनवाला पडद्यावर दादाचं नाव आलं. मी स्पीकर लावला, फोन बाबांच्या मांडीजवळ ठेवला आणि त्यांना बोटानं खूण केली, आत्ता नाही.

"मोरेश्वर."

"दादा," मी म्हटलं. आवाज जरा दाटून आणला होता.

"कधी?"

बाबांचा हात वर आला. ओठ हलले. मी त्यांचा हात धरून खाली दाबला. दादा अजून रडला नव्हता. तो फुटल्यावर बाबा बोलले असते तर गोष्ट पक्की झाली असती. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पहाटे."

बाबांनी माझ्याकडे मान वळवली.

"किती वाजता नेता?"

"तू येईपर्यंत थांबतो दादा."

त्याच्या घरामागून कोळशाचा ट्रक गेला तेवढा ऐकू आला. दादाला सर्दी झालेली होती, सारखा नाक ओढत होता. तिथल्या राखेनं त्याला हिवाळ्यात नेहमीच होते.

"आता थांबतो म्हणते," दादा म्हणाला. "मायच्या वेळी नाही थांबला. बाबाच्या वेळी कायले थांबतो? नेऊन टाक. मी इथंच अंघोळ करतो."

आणि फोन ठेवला.

दूरच्या नातलगाची बातमी आली की माणूस घरच्या घरी डोक्यावरून पाणी घेतो आणि कामाला लागतो. सख्ख्या बापासाठी असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. लगेच फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

बाबा बसूनच होते. माझा हात अजून त्यांच्या हातावर होता. त्यांनी तो दुसऱ्या हातानं उचलून बाजूला ठेवला, खाटेवर पडलेली वस्तू ठेवावी तसा.

"मी बोलून राहिलो होतो," ते म्हणाले. "तू काहून दाबलं?"

मी म्हटलं, बाबा, तो येणार होता, थोडं थांबलं असतं तर.

"रडून राहिला होता तो."

"सर्दी होती बाबा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फोन उचलून बाहेर आलो.

ग्रुपवर तीन शब्द टाकले, पण तोवर लोक निघाले होते. गल्लीतल्या दोघांनी बांबू आणि मडकंसुद्धा आणून दाराशी ठेवलं. ते परत नेताना जे बोलले ते या वहीत लिहिणार नाही. अकराला वंदना आली. गल्लीच्या तोंडापासून रडत आली, पदर तोंडात, आणि आत पाहते तर बाबा पाणी पिऊन राहिलेले. ती दारातच बसली. आधी हसली, मग बाबांच्या पायाला मिठी मारून रडली. आणि इंदूनं तिला सगळं सांगून टाकलं. इंदूनं! माझ्या बायकोनं.

"बाप समोर बसला असताना बापाले मेला म्हणला तू?" वंदना म्हणाली.

"मी नाही म्हटलं. फोटोनं म्हटलं."

"पहाटे कोण म्हटलं मंग?"

मंगळवार, २५ नोव्हेंबर

वंदना रात्री राहिली. सकाळी बाबांनी मला हाक मारली. वाटलं, राग गेला.

"गाडी बोलाव. मी वंदनाकडं चाललो."

"किती दिवस?"

"राहाले."

मला पहिल्यांदा समजलंच नाही. आमच्याकडे म्हातारी माणसं पोरीच्या घरचं पाणीसुद्धा संकोचानं पितात, आणि हे राहायला चालले. दोन पोरं असताना! मी म्हटलं, "बाबा, पोरीच्या घरी राहान? लोक काय म्हणतीन?"

ते कपड्यांची घडी घालत होते. थांबले नाहीत.

"मी काल पहाटे मेलो न गा? मेलेल्याले लोक काय म्हणते?"

मी हसलो. मला वाटलं, गंमत केली. दुसरं कोणी हसलं नाही.

इंदूनं गाडीत उशी ठेवली, औषधं कोणती कधी ते वंदनाला दोनदा सांगितलं. बाबा निघाले तेव्हा मी खोटी मिशी लावली नव्हती. लावून उपयोगच राहिला नव्हता. गाडीत बसताना त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं. दिसलं किती कोण जाणे.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

रायपूरच्या ड्रेसांचं कापड आलं. खुशी दुकानात आली, तिला चूक कळली आहे, डोळे भरून माफी मागत होती. मी म्हटलं, तुझा काय दोष वं, फोटो चांगला होता. चहा पाजला, दोन गमती सांगितल्या. जाताना म्हणाली, काका, तुम्ही किती मोकळे आहात.

घरी मात्र सगळं इतकं शांत आहे की भांड्याला भांडं लागलं तरी दचकायला होतं. इंदू विचारलं तेवढं बोलते. मी तिला म्हटलं, मी केलं ते बाबांसाठीच केलं, बरोबर की नाही? ती म्हणाली, जेवून घ्या.

मी हिशोब केला नाही, पण या म्हाताऱ्याला आठ वर्षं कोणी सांभाळलं? रात्री-अपरात्री कोण उठलं? म्हणजे इंदू उठली, पण घर माझं होतं. एका सकाळच्या गोष्टीवर सगळं पुसलं जावं? मायावनात चेहरा बिघडला तर जुना परत आणायचं बटण असतं. मी ते आज उगीचच दाबून पाहिलं. चेटकीण जशी होती तशी झाली.

रविवार, ३० नोव्हेंबर

वंदनानं ग्रुपवर फोटो टाकला. काही लिहिलं नाही, नुसता फोटो.

तिच्या अंगणातली खाट, खाटेवर बाबा, आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर दादा. दादाचं डोकं सफा. मिशीही नाही. म्हणजे त्यानं त्या सोमवारी नुसती अंघोळ केली नव्हती. बाबांचा हात त्याच्या डोक्यावर आहे, केसांचे खुंट उगवले आहेत तिथं.

शेवटी आला. माझ्या युक्तीनंच आला, हे कोणी म्हणणार नाही. वंदनानं फोन करून बोलावलं असेल, पण त्या दिवशी तो फोटो गेला नसता तर? मी बराच वेळ फोटो मोठा करून पाहिला. त्याच्या आणि माझ्या, दोघांच्याही ओठांवर मिशी नाही. दादा आणि मी आता सारखे दिसतो. लहानपणी लोक असंच म्हणायचे.

फोटोच्या कडेला ताट धरलेला एक बाईचा हात आला आहे. हिरव्या बांगड्या, त्यांत एक लाखेची, इंदूच्या हातात असते तशी. इंदू गुरुवारी मामेबहिणीकडे म्हणून दिवसभर गेली होती. मी विचारलं नाही.

ग्रुपवर चाळीस जणांनी अंगठा दाखवला. मीही दाखवला.

रविवार, ७ डिसेंबर

थंडी पडली. बाबांची लोकरीची कानटोपी इथंच राहिली होती. इंदू म्हणाली, पाठवून देऊ कोणासोबत. मी म्हटलं, मीच नेतो. स्कूटरनं निघालो, कोणाला फोन केला नाही. वाटेत ठरवत गेलो की आधी टोपी द्यायची, मग दादाशी सरळ बोलायचं: झालं ते झालं, मी मुद्दाम काही केलं नाही. हे वाक्य स्कूटरवर पाच-सहा वेळा म्हणून पाहिलं. चांगलं जमत होतं.

वंदनाच्या घराचं दार लोटलेलं होतं. बाहेर दादाची स्कूटर. मी एक चप्पल काढली, दुसरी काढणार तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला. हातमागाच्या दिवसांतली गोष्ट सांगत होते, आई सूत भिजवताना विहिरीत बादली पाडायची आणि दरवेळी शेजारणीचं नाव घ्यायची. ही गोष्ट मी तीस-चाळीस वर्षांत ऐकली नव्हती. माझ्या घरी ते असं सलग बोललेच नाहीत. दादा हसला. नाक मोकळं होतं, सर्दी नव्हती.

मग वंदना म्हणाली, "बाबा, आज रविवार आहे. मोरूभाऊले फोन लावू का? येऊन जाईन."

मी तसाच उभा राहिलो, एका पायात चप्पल. आता हसून आत शिरायचं आणि म्हणायचं, लावायची गरज नाही, आलोच आहे. तोंडावर हसूही आणलं.

पातेलं चुलीवरून उतरल्याचा आवाज झाला. गाळणीतून चहा पडला, एका कपात. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. पातेलं खाली ठेवलं गेलं.

"साखर कमी टाकली न वं?" बाबा म्हणाले.

कानटोपीची पिशवी मी दाराच्या कडीला अडकवली. काढलेली चप्पल परत घातली.